आईला झाला म्हणून मलाही होणारच, हे कुणी ठरवलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की पेपरात गुलाबी रिबीन दिसते आणि स्तनाच्या कॅन्सरवर एखादा तरी लेख येतोच. यंदाच्या तुमच्या पुरवणीतल्या लेखाचं कात्रण मी काढून ठेवलंय. धोका कुणाला जास्त याची त्यात यादी होती आणि पहिलाच मुद्दा होता, आई किंवा बहिणीला हा आजार झालेला असणे. बास, एवढी एकच ओळ, पुढे त्या बायकांनी काय करायचं त्याबद्दल एक शब्द नाही. आमच्यासारख्या घरातली बाई ती ओळ वाचते आणि पेपर घडी करून ठेवून देते, खालचं व्यायामाचं, वजनाचं काही वाचतच नाही, कारण तिला वाटतं हे बाकीच्यांसाठी आहे, आपलं तर ठरलेलंच आहे. म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, कापायचं असेल तर घरचं कापा पण आकडे कापू नका ही विनंती.

मी कराडची, वय ४७, एका पतसंस्थेत काउंटरला बसते. माझ्या आईला २००९ मध्ये स्तनाचा कॅन्सर निघाला, तेव्हा ती ५४ वर्षांची होती. आंघोळ करताना साबणाचा हात फिरवताना तिला उजव्या बाजूला काहीतरी हरभऱ्याएवढं लागलं. दुखत नव्हतं. आणि दुखत नाही म्हणजे काही नाही, असा आपल्याकडे सगळ्यांचाच समज आहे. दोन महिने तर तिनं कुणाला सांगितलंच नाही, मग ताईला सांगितलं, मग जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी हात लावून बघितलं आणि चरबीची गाठ आहे म्हणून मलम दिलं. असे एकूण आठ महिने गेले. मुंबईला नेलं तोवर हरभऱ्याचं सुपारीएवढं झालं होतं आणि काखेतही गाठ आली होती. ऑपरेशन, किमो, मग शेक, सगळं झालं. आई वाचली, आज ७० वर्षांची आहे आणि माझ्याआधी उठते.

ऑपरेशननंतरची एक गोष्ट सांगते, कारण ती मी रोज बघितलीय. एक बाजू काढल्यावर पदर राहत नाही, खांद्यावरून घसरतो. विकत मिळतं ते घ्यायला आई तयार नव्हती, एवढे पैसे कशाला म्हणायची. तिनं ब्लाउजला आतून कप्पा शिवला आणि त्यात कापूस भरला, पण वाकलं की कापूस वर सरकायचा. मग तिनं मलमलच्या फडक्याची पिशवी केली आणि त्यात मोहरी भरली, मुठीनं अंदाज घेत घेत, दुसऱ्या बाजूएवढं वजन होईपर्यंत. मे महिन्यात घामानं मोहरीला वास यायचा, म्हणून दर चार दिवसांनी ती पिशवी उसवून मोहरी ताटलीत उन्हात ठेवायची. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, लोणच्याची तयारी का, आणि आई हो म्हणाली. तिनं हो म्हटलं ते मला अजून विसरता येत नाही.

मग २०१४ मध्ये आईच्या धाकट्या बहिणीला, माझ्या मावशीला निघाला. ती ४९ वर्षांची होती आणि दोन वर्षांत गेली. आजीबद्दल, म्हणजे आईच्या आईबद्दल, एवढंच ऐकलंय की तिला छातीत फोड झाला आणि वर्षाच्या आत ती गेली. त्या फोडाचं खरं नाव काय असेल ते आता कोण सांगणार. पण आमच्या घरात बायकांची एक रांग झाली आणि त्या रांगेत पुढे मी, ताई, मामेबहिणी, मावसबहिणी, असं सगळ्यांनी मनात धरून टाकलं.

मावशीच्या दिवसांना जमलो होतो तेव्हा आम्हा बहिणींच्या बोलण्यात दोन तऱ्हा दिसल्या. एक बहीण म्हणाली, अगं काय डाएट नि काय चालणं, रक्तातच आहे ते येणार तेव्हा येणार, तोवर खाऊन पिऊन घ्यावं. दुसरी म्हणाली मी रोज हळदीचं पाणी घेते, जवस खाते, योगा करते, मला नाही होणार, मला तपासणीची गरज नाही. दोघी माझ्याच, दोघींवर माझा जीव आहे, पण दोघींचंही चुकतं. पहिलीनं हातपाय गाळलेत आणि दुसरीनं डोळे मिटलेत. मी स्वतः बरीच वर्षं पहिलीसारखी होते. वजन ७१ किलो, उंची पाच फूट एक इंच, दिवसभर खुर्चीत, संध्याकाळी ओट्याशी, आणि डोक्यात एकच की आपलं काय ते लिहिलेलंच आहे.

माझे डोळे ज्यानं उघडले तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता, माझ्यापर्यंत यायला त्याला २०१७ साल लागलं. आईच्या फॉलोअपला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका डॉक्टर बाईंनी तो मला समजावून सांगितला, नंतर मी स्वतः शोधून, भाचीला सोबत बसवून वाचला. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचं फार मोठं काम झालं, त्यातल्या पाळी गेलेल्या जवळपास ८५,६०० बायकांची माहिती रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासली, सरासरी साडेपाच वर्षांच्या आसपास त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. तीनच सवयी बघितल्या. आठवड्यात निदान पाच दिवस वीस वीस मिनिटं दम लागेल असा व्यायाम, वजन उंचीच्या प्रमाणात असणं आणि दारू कमी असणं किंवा नसणं. आणि बायकांचे दोन गट केले, आई, बहीण, मुलगी यांच्यापैकी कुणाला पंचेचाळिशीत किंवा त्यानंतर स्तनाचा कॅन्सर झालेला होता अशा, आणि कुणालाच झालेला नव्हता अशा.

आता आकडे बघा. घरात इतिहास असलेल्या ज्या बायका तिन्ही सवयी पाळत नव्हत्या त्यांच्यात वर्षाला हजारी ६.९७ जणींना कॅन्सर निघाला, आणि तिन्ही पाळणाऱ्यांमध्ये ५.९४ जणींना. घरात इतिहास नसलेल्यांमध्ये हेच आकडे ४.६७ आणि ३.५१. म्हणजे दोन्हीकडे फरक जवळपास सारखाच, हजारात वर्षाला एक बाई. आमच्या घरातल्यांनी चालून काय उपयोग हा जो समज आहे ना, त्याला हे सरळ उत्तर आहे. बाकीच्यांना जेवढा फायदा तेवढाच आम्हालाही.

पण आकडा दुसऱ्या बाजूनंही वाचला पाहिजे आणि मी तो लपवणार नाही. तिन्ही सवयी पाळूनसुद्धा आमच्या गटाचा आकडा ५.९४ आहे आणि ज्यांच्या घरात काही नाही आणि ज्या काहीच पाळत नाहीत त्यांचा ४.६७. म्हणजे सगळं नीट करूनही आमचा धोका त्यांच्याहून जास्तच राहतो. चालण्यानं आईचा इतिहास पुसला जात नाही. म्हणून हळदीच्या पाण्यावर विसंबलेल्या माझ्या त्या बहिणीला मी हाच आकडा दाखवला होता. हजारात एक हे कुणाला थोडं वाटेल, वर्षाला हजारात एक धरलं तर दहा वर्षांत दहा होतात, आणि त्या दहांमधली प्रत्येक जण कुणाची तरी आई असते. ज्यांनी मोहरी उन्हात वाळताना बघितलीय त्यांना ते थोडं वाटत नाही.

रक्तात आहे म्हणजे नक्की किती आहे, हेही आपल्याकडे कुणी सांगत नाही. २००१ मध्ये जगभरातल्या ५२ अभ्यासांची माहिती एकत्र करून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती, त्यात ५८ हजारांहून जास्त रुग्ण बायका होत्या. आई, बहीण, मुलगी यांच्यापैकी एकीला झालेला असेल तर धोका सुमारे १.८ पट, दोघींना असेल तर जवळजवळ तिप्पट. पट म्हटलं की घाबरायला होतं, पण त्याच अभ्यासात असंही निघालं की ज्यांना स्तनाचा कॅन्सर होतो त्यातल्या नऊपैकी आठ जणींच्या आई, बहीण, मुलीला तो झालेला नसतो. आमच्या घराण्यात नाही म्हणून निर्धास्त बसलेल्या बायकांनी हे वाचावं, आणि आमच्यासारख्यांनीही वाचावं, कारण इतिहास असलेल्या बहुतेक जणींना तो आयुष्यात कधीच होत नाही. माझ्या आईच्या चार बहिणी, त्यातल्या दोघी पंचाहत्तरी ओलांडून ठणठणीत आहेत, पण रांग मोजताना आम्ही त्यांना कधी मोजलंच नाही.

एक वेगळी गोष्ट आहे ती मात्र यात मिसळू नये. काही घरांत बीआरसीए १ किंवा बीआरसीए २ नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, ही जीन्स १९९४ आणि १९९५ मध्ये सापडली. तो बिघाड असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात जाते आणि बीजाशयाच्या (ओव्हरीच्या) कॅन्सरचा धोकाही वाढतो. तिथं नुसतं चालून भागत नाही, तिथं तरुण वयापासून एमआरआय, औषधं, कधी ऑपरेशन असं सगळं डॉक्टरांशी बसून ठरवावं लागतं. पण अशा जीनमुळे होणारे कॅन्सर शंभरात पाच ते दहाच. घरात कुणाला फार लवकर, चाळिशीच्या आत वगैरे झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, कुणाला बीजाशयाचा झाला असेल, किंवा घरातल्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल, पुरुषांनाही होतो हो, तर जेनेटिक कौन्सिलिंगला, म्हणजे जीनची टेस्ट करायची का याचा सल्ला देतात तिथं, जावं. आणि वडिलांची बाजू विसरू नका. आत्या, वडिलांची आई यांच्याकडूनही हा जीन येतो, वडिलांमध्ये असेल तर लेकीत उतरायची शक्यता निम्मी. आपण मात्र विचारताना फक्त आईकडचं विचारतो.

आम्ही २०१९ मध्ये गेलो होतो. मला वाटलं माझं रक्त घेतील, पण तिथल्या बाईंनी सांगितलं आधी आईचं, ज्या व्यक्तीला आजार झालाय तिची टेस्ट आधी करायची, तरच अर्थ लागतो. आईचा रिपोर्ट आला, बिघाड सापडला नाही. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. त्यांनी थांबवलं, म्हणाल्या सापडला नाही म्हणजे धोका बाकीच्यांएवढा झाला असं समजू नका, तुमच्या घरचा इतिहास आहे तसाच आहे, वजन सांभाळा, चाला आणि दरवर्षी या. इतकं सरळ आमच्याशी आधी कुणी बोललं नव्हतं.

आता वजनाचं का सांगतात तेही थोडं लिहिते, कारण आपल्याकडे वजन म्हटलं की दिसण्याचं वाटतं. बाईची पाळी गेली की बीजाशय इस्ट्रोजेन बनवायचं जवळपास बंद करतं, पण शरीरातली चरबी ते बनवत राहते, त्या वयात चरबी हाच त्याचा मुख्य कारखाना होतो. चरबी जास्त तितकं इस्ट्रोजेन जास्त, आणि स्तनाचे बरेचसे कॅन्सर याच हार्मोनवर पोसतात. म्हणजे पाळी गेल्यावर पोटावर चढलेले दहा किलो नुसते बसलेले नसतात, काम करत असतात. आणि आपल्या देशात डॉक्टर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, परदेशातल्यासारखं २५ पर्यंत थांबत नाहीत, कारण आपल्या लोकांच्या पोटावर चरबी लवकर साठते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात. शिवणकामाच्या टेपनं घरी मोजता येतं, त्याला डॉक्टर लागत नाही.

माझे ७१ चे ६० व्हायला तीन वर्षं लागली. कसलंही पावडर, कसलाही चहा घेतला नाही. एक तर उरलेलं खाणं बंद केलं. आपल्या घरातल्या बाईचं निम्मं वजन उरलेल्या अन्नाचं असतं असं मला वाटतं, वाटीभर भात उरला, टाकवत नाही, खा. पोरानं अर्धी पोळी ठेवली, खा. आता उरलेल्या भाताला सकाळी फोडणी आणि ती सगळ्यांत वाटून. दुसरं म्हणजे उपवास. महिन्याच्या दोन एकादश्या, संकष्टी आणि गुरुवार, एवढ्या दिवशी मी शेंगदाण्याचं कूट आणि तुपातली साबुदाण्याची खिचडी पोटभर खात होते, उपवास देवाचा पण वजन माझंच वाढत होतं. देव सोडला नाही, साबुदाणा सोडला, आता राजगिरा, ताक, फळ, एखादं रताळं. कार्यक्रमाला गेले तर जिलेबी खाते, एक.

आणि चालणं. आम्ही पहाटे साडेपाचला निघतो, मी, माझी जाऊ आणि आई, प्रीतिसंगमापर्यंत जाऊन परत. कृष्णा कोयना जिथं समोरासमोर मिळतात तिथं बागेत आई बाकावर बसते आणि आम्ही दोघी यशवंतरावांच्या समाधीकडून अजून दोन फेऱ्या मारतो. किती वेगानं चालायचं याची खूण डॉक्टरांनी सांगितली ती फार सोपी, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. पहिल्या महिन्यात जाऊबाई माझ्याशी सगळ्या गल्लीच्या गप्पा मारायच्या, आता चढाला आम्ही दोघी गप्प असतो. आठवड्याला दीडशे मिनिटं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पाच दिवस अर्धा तास केला की भरलं.

इथं घरोघरी एकच उत्तर ऐकू येतं, दिवसभर घरात राबते तोच व्यायाम. माझ्या सासूबाईंच्या वेळी पाणी शेंदायचं, जात्यावर दळायचं, धुणं नदीवर, तेव्हा तो होताच. बार्शीला १९८७ पासून खेड्यांमधल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली गावाकडची ती पहिली नोंदणी, आणि तिथं स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबई पुण्यापेक्षा बरंच कमी राहिलंय. रानातले कष्ट, लवकर झालेली मुलं, जास्त मुलं, अंगावर पाजणं, साधं जेवण, सगळ्याचा त्यात वाटा. पण आता आपण ओट्याशी तीन तास उभ्या असतो, त्यानं पाय भरून येतात, दम लागत नाही. थकवा येणं आणि व्यायाम होणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चाळिशीत कळलं.

दारूचा मुद्दा आपल्या बायकांना लागू नाही असं आधी मीही म्हणत होते. पण भाची पुण्याला आयटीत आहे, तिच्या ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये मुली घेतात, वाईन तर हृदयाला चांगली म्हणून घेतात. तिला मी ओरडले नाही, फक्त एवढं सांगितलं की दारू कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच जाहीर केलंय, पुढे त्यात स्तनाचा कॅन्सरही आला, आणि रोज एक पेग घेतला तरी धोका सात ते दहा टक्क्यांनी वाढतो, वाईन असो की बिअर. घरात आजी आणि आजीची बहीण असताना तू हा धोका कशाला विकत घेतेस. तिनं ऐकून घेतलं, सोडली की नाही मी विचारलं नाही.

अंगावर पाजण्याबद्दल तर आमच्यासारख्या घरात मुद्दाम सांगायला हवं. २००२ च्या मोठ्या अभ्यासात बारा महिने पाजलं की धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं आलं होतं. आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसच्या अभ्यासात ज्यांच्या आई किंवा बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता अशा बायकांमध्ये, मुलांना अंगावर पाजलेल्यांना पाळी जायच्या आधी होणारा कॅन्सर ५९ टक्क्यांनी कमी दिसला. माझी मावसबहीण घाबरून बाळाला पाजतच नव्हती, आईचा आजार दुधातून जाईल म्हणून. तसं काही नसतं, उलट बाळाला आणि तिला दोघांनाही चांगलं. ज्यांना दूध आलं नाही किंवा नोकरीमुळे जमलं नाही त्यांना मात्र कुणी यावरून बोलू नये, आधीच त्या मनात खात असतात.

आता तपासणी, कारण माझ्या मते जीव वाचतो तो खरा इथं. घरात ज्या वयात निघाला त्याच्या साधारण दहा वर्षं आधीपासून तपासणी सुरू करा असं डॉक्टर सांगतात. मी ४२ व्या वर्षी पहिली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, केली. दुखतं का, तर दाबतात तेव्हा दुखतं, रक्त काढतात तेवढं, आणि दहा मिनिटांत आपण बाहेर. पण मशिन सगळीकडे नाही आणि पैसेही लागतात, मग गावातल्या बाईनं काय करायचं? याचं उत्तर आपल्याच मुंबईत मिळालंय आणि मला त्याचा फार अभिमान आहे. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाखावर बायका घेऊन काम सुरू केलं, निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी हातानं तपासणी केली, मशिन नाही काही नाही. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये छापून आला. गाठी लवकरच्या स्टेजला सापडल्या आणि पन्नाशी पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान बायकांमध्ये तसा फरक दिसला नाही हेही त्यात आहे. पण शिकलेल्या बाईच्या नुसत्या हातानं एवढं होतं! माझ्या आईच्या गाठीला असा एक हात आठ महिने आधी लागला असता तर.

सरकारी आरोग्य मंदिरात तीस वर्षांपुढच्या बायकांची ही तपासणी फुकट करायची असते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ ची, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात एकसुद्धा भरल्या नाहीत. आणि आपल्या देशात २०२२ या एका वर्षात जवळपास १ लाख ९२ हजार बायकांना नव्यानं हा कॅन्सर निघाला.

बायका जात का नाहीत? लाज आहे, वेळ नाही, आणि तिसरं कारण सगळे गिळून टाकतात ते मी लिहितेय. लग्नं. ताईच्या मुलीला स्थळं बघायला सुरुवात केली तेव्हा घरातल्याच एका मोठ्या माणसानं ताईला बाजूला घेऊन सांगितलं, आजीचं आणि मावशीआजीचं बोलू नका, विचारलं तर हार्टनं गेली म्हणा. आई आतल्या खोलीत होती, तिला ऐकू गेलं. पाहुणे आले त्या दिवशी ती बाहेर आलीच नाही, डोकं दुखतंय म्हणाली. ज्या बाईनं किमोचे सहा डोस उलट्या करत काढले आणि सातव्या महिन्यात पुन्हा घर हातात घेतलं, तिला आपण नातीच्या लग्नासाठी खोलीत बसवतो. आणि जी गोष्ट लपवायची शिकवण मिळते तिची तपासणी कोणती मुलगी करून घेईल? डॉक्टर विचारतात घरात कुणाला कॅन्सर आहे का, तेव्हाही पोरी नाही म्हणून सांगतात, सासू शेजारी बसलेली असते. मुलाकडच्यांनी हे विचारताना जरा विचार करावा, त्यांच्याही घरात आत्या असेल, काकू असेल, आणि कॅन्सर झालेल्या नऊपैकी आठ जणींच्या आई, बहीण, मुलीला तो झालेला नव्हता.

संपादक साहेब, तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. पुरवणीत 'हे पाच पदार्थ खा, कॅन्सर टाळा' असलं छापणं बंद करा, कुठल्याही एका पदार्थानं तो टळत नाही आणि माझ्या बहिणीसारख्या बायका त्यावर विसंबून तपासणी टाळतात. त्याऐवजी जवळच्या आरोग्य मंदिरात ही तपासणी कोणत्या वारी, किती वाजता असते ते दर महिन्याला छापा, सोन्याचा भाव छापता तेवढी जागा पुरेल. आणि आमच्या पेठेतल्या शाळेचं मैदान संध्याकाळी साडेपाचला कुलूप लावून बंद होतं ते सकाळ संध्याकाळ एक एक तास बायकांसाठी उघडावं, याचा पाठपुरावा करा. आम्ही बेचाळीस जणींनी सही करून अर्ज दिलाय, पाच महिने झाले. पावसाळ्यात नदीकडचा रस्ता चिखलाचा, गल्लीत दिवे नाहीत, मागं कुत्री लागतात, बाईनं चालावं तरी कुठं. चाला चाला म्हणून सांगायचं आणि चालायला जागा द्यायची नाही, याचा मला खरोखर राग येतो.

येत्या बुधवारी माझी वर्षाची तपासणी आहे. या वेळी भाची सोबत येतेय, तीही आता २७ ची झाली, डॉक्टरांशी बसून तिची तपासणी कधीपासून सुरू करायची ते ठरवणार आहोत. आईसुद्धा येते म्हणालीय.

हे पत्र मी भाचीला वाचून दाखवलं. सगळं छापू दे म्हणाली, आजीची मोहरीसुद्धा, फक्त तुझं नाव नको टाकूस मावशी, माझं अजून ठरायचंय. म्हणून नाव टाकलेलं नाही.

आपली एक वाचक,
कराड